रिव्हॉल्व्हरने काळ्या अस्वलाची शिकार: आधी अंतर ठरवा, मग शस्त्र

न्यू हॅम्पशायरमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारले आहे की, रायफलने तीन मोसम हरणाची शिकार केल्यानंतर यंदा शेजारच्या मेन राज्यात मचाणावर बसून .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरने काळे अस्वल मारण्याचा त्यांचा विचार आहे. तर ही गोळी अस्वलाला पुरेल का, किती अंतरावरून बार टाकावा, आणि मुळात हे करणे योग्य आहे का. मी गेली बावीस वर्षे मेनच्या उत्तरेकडील जंगलात हीच शिकार याच प्रकारच्या शस्त्राने करत आलो आहे. त्या काळात अकरा अस्वले मिळाली, त्याहून कितीतरी अधिक मी सोडून दिली, आणि एक माझ्या चुकीने जखमी होऊन हरवले. त्या एकासंबंधी पुढे लिहिणारच आहे, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्याच्याकडूनच मिळाले.

गोळी पुरेल. मात्र ज्या अंतरापर्यंत ती पुरते ते अंतर आपण समजत असाल त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि ते काडतुसांच्या खोक्यावर छापलेले नसते. प्रत्येकाने ते स्वतःच्या हाताची परीक्षा घेऊन शोधून काढावे लागते. रायफलने शिकलेला माणूस रिव्हॉल्व्हरला आखूड नळीची रायफल समजतो, आणि जनावरे जखमी होऊन जातात ती बहुतेक या समजुतीमुळे.

दोन्ही शस्त्रांतला फरक आकड्यांत पाहावा. .३०-०६ रायफलची १८० ग्रेन (सुमारे १२ ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने निघते आणि तिची ऊर्जा २,९०० फूट-पाउंडांच्या (गोळीचा जोर मोजण्याचे एकक) आसपास भरते. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी साडेसात इंची नळीतून सुमारे १,३०० फूट वेगाने निघते आणि तिची ऊर्जा जेमतेम ९०० फूट-पाउंड असते, म्हणजे रायफलच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण केवळ कमी-जास्त ऊर्जेचा हा प्रश्न नाही. रायफलची वेगवान गोळी आजूबाजूच्या मांसाला इतका जोराचा ताण देते की जिथे ती प्रत्यक्ष पोहोचली नाही तिथलेही काही फाटते. रिव्हॉल्व्हरची गोळी मंद असते. ती ज्यातून जाईल तेवढेच भोकाडते, त्याच्या दोन इंच बाजूचे बहुधा शाबूत राहते. म्हणून रायफलला नेम थोडा चुकलेला जिथे खपून जातो, तिथे रिव्हॉल्व्हरला तो खपत नाही. रायफलने हेच अस्वल अधिक खात्रीने मरते, हे मान्य करूनच या विषयावर पुढे बोलले पाहिजे. जो शिकारी हे मान्य करत नाही त्याच्याबरोबर मी मचाणावर बसत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांनी हे नीट वाचावे, कारण आपल्या ओळखीतल्या अनेकांना याची कल्पना नसते. ग्रीन कार्डधारकाला संघराज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते. मात्र एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा परवाना जवळ असणे हा त्या मनाईला असलेला एक अपवाद आहे. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, हे ध्यानात ठेवून वकिलाला विचारल्याशिवाय काहीही खरेदी करू नये. हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) विक्रेत्याकडून घ्यायची तर वय २१ पूर्ण हवे आणि ती आपण ज्या राज्याचे रहिवासी आहात तिथेच घ्यावी लागते. मेनमधून पलीकडे न्यू ब्रन्सविकमध्ये जाऊन हीच शिकार करण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाकावा. कॅनडात शिकारीसाठी हँडगन चालत नाही. अमेरिकेतही राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका प्रत्येक मोसमापूर्वी पुन्हा वाचावी. मायदेशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाची शिकार पूर्ण बंद आहे आणि ती बंद आहे तेच योग्य आहे. तिथली अस्वले आणि त्यांची जंगले यांची स्थिती इथल्यासारखी नाही.

अस्वलासंबंधी एक गैरसमजही इथेच दूर करतो. आपल्यापैकी ज्यांचे बालपण विदर्भात गेले त्यांच्या मनात अस्वल म्हणजे मोहाच्या झाडाखाली अवचित गाठणारे आणि चेहऱ्यावर धावून येणारे जनावर असते. ती भीती खोटी नाही, पण ती आपल्याकडच्या जातीची आहे. अमेरिकन काळे अस्वल संकट दिसले की पळते किंवा झाडावर चढते. अमेरिका आणि कॅनडात १९०० ते २००९ या एकशे दहा वर्षांत मोकळ्या काळ्या अस्वलांनी ६३ माणसे मारल्याची नोंद आहे, आणि या जनावरांची संख्या काही लाखांत आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, अस्वलाला घाबरलेला नवशिका शिकारी घाईने बार टाकतो. मचाणावर आपल्याला धोका जवळजवळ नसतो. धोका अस्वलाला असतो, आणि तो आपल्या उतावीळपणाचा असतो.

आता अंतर. मी सांगतो ती परीक्षा साधी आहे, पण ती प्रामाणिकपणे द्यावी लागते. सहा इंच व्यासाची कागदी थाळी घ्यावी. प्रौढ अस्वलाच्या फुप्फुसांचा टप्पा याहून मोठा असतो, पण जंगलातल्या अंधुक प्रकाशात हातातली चूक वाढते, तेव्हा थाळी लहानच हवी. पंधरा यार्डांपासून सुरुवात करावी. मचाणावर जसे बसणार तसेच स्टुलावर बसावे, अंगात तोच कोट आणि हातात तेच मोजे असावेत. शंभर पावले धावून यावे, बसावे, आणि दहा सेकंदांच्या आत एक गोळी झाडावी. पुन्हा धावावे, पुन्हा एक गोळी. अशा पाच गोळ्या. पाचही थाळीत असतील तर दुसऱ्या दिवशी पाच यार्ड मागे जावे. ज्या अंतरावर पाचातली एक जरी बाहेर गेली, त्याच्या आधीच्या अंतरावर थांबून निरनिराळ्या दहा दिवशी तीच परीक्षा द्यावी. त्या दहा दिवसांत एकही गोळी चुकली नाही तर ते आपले अंतर. चुकली तर अजून पाच यार्ड पुढे यावे. तापलेल्या हाताने, शांतपणे टेकून बसून, पन्नासावी काडतूस उडवताना जमलेला सुंदर नेम हिशेबात धरू नये. जंगलात आपल्याला फक्त पहिली गोळी मिळते.

या रीतीने पहिल्या उन्हाळ्यात माझे अंतर वीस यार्ड निघाले होते. मला ते मान्य करणे फार जड गेले, कारण रायफलने मी दीडशे यार्डांवर हरीण मारत होतो. आज ते चाळीस आहे, आणि तरीही माझी अकरापैकी दहा अस्वले चौदा ते बावीस यार्डांत मिळाली आहेत. शंभर यार्डांवर रिव्हॉल्व्हरने जनावर मारणारे लोक आहेत. दुर्बीण लावलेली, एकाच काडतुसाची, रायफलच्या काडतुसावर चालणारी थॉम्पसन-सेंटर कंटेंडरसारखी हँडगन तर त्यासाठीच बनवलेली आहे, आणि तिचा हिशेब रायफलच्या जवळ जातो. आपला प्रश्न रिव्हॉल्व्हरचा आहे, म्हणून मी त्याच्यापुरतेच लिहितो.

काडतुसांवर लोक रात्र-रात्र वाद घालतात. मला त्यात फारसा रस उरलेला नाही. .३५७ मॅग्नम १९३५ पासून आहे आणि जवळून, योग्य गोळीने, निष्णात माणसाच्या हातून अस्वल मारते, पण नवख्याने ती निवडू नये. .४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीस आली. आयडाहोच्या एल्मर कीथ यांनी त्याआधी अनेक वर्षे .४४ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसामध्ये जड गोळ्या आणि जास्त दारू भरून जे प्रयोग केले, त्यांतून तिचा मार्ग मोकळा झाला. काळ्या अस्वलासाठी आजही मी तिच्यापुढे जाण्याचे कारण पाहत नाही. .४५४ कॅसूल आणि २००३ साली आलेली .५०० स्मिथ अँड वेसन यांची ताकद निर्विवाद मोठी आहे, पण बार उडताना हाताला बसणारा त्यांचा धक्काही तसाच आहे, आणि धक्क्याला घाबरणारा हात घेऊन मोठे शस्त्र बाळगण्यापेक्षा न घाबरणाऱ्या हातातली .४४ अस्वलावर जास्त दया करते. १० मिमी ऑटो पिस्तूल अलीकडे पुष्कळांच्या कमरेला दिसते. स्वसंरक्षणासाठी ठीक, मचाणावरून शिकारीसाठी माझी पसंती तिला नाही.

गोळीच्या घडणीकडे मात्र लक्ष द्यावे. शरद ऋतूत अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खाते आणि त्याच्या अंगावर दोन-दोन इंच चरबी चढते. त्यावर दाट, लांब केस असतात. लवकर फुलून पसरणारी हलकी गोळी आत पुरेशी जात नाही. चपट्या तोंडाची, कठीण शिशाची २५० ते ३०० ग्रेनची ओतीव गोळी, किंवा मजबूत वेष्टनाची, हळू फुलणारी २४० ग्रेनची गोळी घ्यावी. मला गोळी जनावराच्या पलीकडे निघालेली हवी असते, कारण आत जाण्याचे भोक चरबीने बुजते, केस रक्त शोषून घेतात, आणि पलीकडचे, शक्यतो खालच्या बाजूचे भोक नसेल तर जमिनीवर माग सांडतच नाही. हरणाच्या रक्ताचा माग काढण्याची सवय असलेल्या माणसाला अस्वलाचा माग पाहून धक्का बसतो.

सरावाचे दोन शब्द. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशलची सौम्य काडतुसे चालतात. उन्हाळ्याचा पहिला महिना तीच वापरावीत. कानात बोळे आणि वर कर्णकवच असे दोन्ही घालावे. मॅग्नमचा आवाज कानाचे कायमचे नुकसान करतो आणि न कळत डोळे मिटण्याची सवयही लावतो. मित्राला सिलिंडरमध्ये भरलेली आणि रिकामी काडतुसे मिसळून भरायला सांगावे आणि आपण न पाहता नेम धरावा. रिकाम्या काडतुसावर घोडा (हॅमर) पडल्यावर नळी खाली दचकली, तर धक्क्याची भीती कुठे बसली आहे ते लगेच दिसते. मला हे दोष घालवायला दोन उन्हाळे लागले आणि अजूनही दर जूनमध्ये मी हीच कसरत करतो. मचाणाच्या कठड्यावर मनगटे टेकावीत, नळी टेकू नये. आणि सिलिंडर व नळी यांच्यामधल्या फटीजवळ बोटे, पट्टा किंवा कोटाची बाही कधीही येऊ देऊ नये. त्या फटीतून निघणारा तप्त वायू मांस कापतो.

नेम धरण्याच्या साधनाबद्दल माझे मत ठाम आहे. अस्वल बहुधा प्रकाशाच्या शेवटच्या अर्ध्या तासात येते, आणि त्या वेळी काळ्या केसांवर काळी माशी (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला खुंट) दिसेनाशी होते. कुठे नेम धरला आहे हेच कळत नाही. चित्र मोठे न करणारा, लाल ठिपका दाखवणारा दर्शक बसवावा आणि त्याचा उजेड शक्य तितका मंद ठेवावा, नाहीतर ठिपक्याच्या झगमगाटात जनावरच हरवते. उघड्या माशीचा आग्रह असेल तर प्रकाश साठवणारी रंगीत माशी लावून घ्यावी आणि तीही दिसेनाशी झाली की त्या दिवसाची शिकार संपली असे समजावे, मग कायद्याने अजून पंधरा मिनिटे शिल्लक असली तरी.

आमिषाविषयी आपण विचारले नाही, पण मेनमध्ये मचाण म्हटले की आमिष आलेच, आणि त्याबद्दल मन साफ असावे. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सुरू होणारा चार आठवड्यांचा काळ इथे आमिषावरच्या शिकारीचा असतो. २००४ आणि २०१४ साली आमिष, शिकारी कुत्रे आणि सापळे बंद करावेत म्हणून मेनमध्ये सार्वमत झाले आणि दोन्ही वेळा प्रस्ताव पडला. कोलोराडोत १९९२ साली आणि ओरेगॉनमध्ये १९९४ साली मतदारांनी याच्या उलट कौल दिला. ज्यांना ही पद्धत पटत नाही त्यांच्या भावना मला समजतात. माझी बाजू अशी की, मेनच्या फर आणि सीडर या झाडांच्या गच्च रानात अस्वल चालत गाठणे जवळजवळ अशक्य आहे, आणि गाठले तरी ते दोन सेकंद दिसते. आमिषावर ते दहा-वीस मिनिटे दिसते. मादी आहे का, मागे पिल्ले आहेत का, वय किती, अंग कुठे वळले आहे, हे सगळे पाहायला वेळ मिळतो. रिव्हॉल्व्हरच्या शिकाऱ्याला हा वेळ अत्यावश्यक आहे. पेनसिल्व्हेनियात आमिष चालत नाही. तिथे टोळ्या हाकारा घालतात आणि अस्वल धावत येते. धावत्या अस्वलावर रिव्हॉल्व्हर चालवू नये, एवढेच त्यावर सांगतो.

आमिषाचे पिंप झाडाला साखळीने असे बांधावे की खाण्यासाठी अस्वलाला मचाणाकडे कूस करूनच उभे राहावे लागेल. दोन्ही बाजूंना ओंडके टाकून वाट तशी वळवता येते. मचाण पंधरा ते अठरा यार्डांवर, संध्याकाळचा वारा आमिषाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला असावे. अस्वल सरळ येत नाही. वाऱ्याखाली फेरी मारून वास घेते, आणि आपला वास लागला तर अंधार पडेपर्यंत येत नाही. पाव, ओट, पॉपकॉर्न, काकवी घालावी. चॉकलेट मुळीच घालू नये: न्यू हॅम्पशायरमध्ये २०१४ साली आमिषाच्या जागी चार अस्वले चॉकलेटमधल्या थिओब्रोमिनच्या विषबाधेने मेली, त्यांतली दोन पिल्ले होती, आणि त्यानंतर आपल्या राज्याने ते बंद केले. ज्या वर्षी रानातल्या बीच झाडांना फळे भरपूर येतात त्या वर्षी अस्वले पिंपाकडे फिरकत नाहीत. तो मोसम रिकामा गेला तर गेला.

अस्वल आले की पहिली पाच मिनिटे शस्त्राला हातच लावू नये, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम आहे. मादी आधी एकटी येते आणि पिल्ले मागे झाडावर ठेवते. त्यांना खाली यायला वेळ लागतो. पिल्ले जानेवारीत गुहेत जन्मतात आणि जवळजवळ दीड वर्ष आईजवळ राहतात. पिल्ले असलेली मादी मारण्यास अनेक राज्यांत कायद्याने बंदी आहे, आणि जिथे तशी बंदी नाही तिथेही मी ती मारत नाही व आपणही मारू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठे नर अस्वल ओळखण्याची खूण म्हणजे कान: डोके रुंद झाल्यामुळे ते लहान आणि एकमेकांपासून लांब, बाजूला सरकलेले दिसतात, तरण्या अस्वलाचे कान मोठे आणि वर उभे. पिंप जवळ असतेच, त्याच्या उंचीशी पाठीची उंची ताडून पाहावी.

घोडा मागे ओढल्याचा खटका पंधरा यार्डांवर अस्वलाला ऐकू येतो. ते मान वर करते. त्या क्षणी बोट चापाबाहेर ठेवून स्वस्थ राहावे. बहुतेक वेळा ते पुन्हा खायला लागते. नाही लागले आणि निघून गेले, तर ओढलेला घोडा थरथरत्या अंगठ्याने परत खाली सोडावा लागतो, आणि ही क्रिया नळी जमिनीकडे धरून, रिकाम्या शस्त्राने घरी शेकडो वेळा केलेली असली पाहिजे.

बार कुठे टाकावा याचे उत्तर एकच: अस्वल पूर्ण आडवे असताना, किंवा आपल्यापासून किंचित दूर वळलेले असताना, जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असताना, त्या पायाच्या किंचित मागे, अंगाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या कडेला. पोटाखाली लोंबणारे केस अंगात मोजू नयेत, नाहीतर गोळी खाली जाते. समोरून, डोक्यावर, मानेवर, बसलेल्या किंवा झाडावर चढणाऱ्या अस्वलावर बार टाकू नये. कवटी उतरती असते आणि मेंदू लहान. तिरके आपल्याकडे वळलेले असेल तर थांबावे.

हे मी ज्या किमतीला शिकलो ती आता सांगतो. तिसरा मोसम होता. पाच संध्याकाळी मी एका मोठ्या नरासाठी बसलो होतो आणि सहाव्या दिवशी तो आला, सव्वीस यार्डांवर थांबला. त्या वर्षी परीक्षेत माझे अंतर पंचवीस निघाले होते. एका यार्डाने काय होते असे मी मनाशी म्हणालो. तो तिरका, माझ्याकडे खांदा करून उभा होता. अंधार पडत आला होता, आणि सहा दिवसांची वाट पाहणे माझ्या बोटात उतरले होते. मी चाप ओढला. गोळी बहुधा फऱ्याच्या हाडावर तिरकी बसून बरगड्यांच्या बाहेरून घसरली. त्याने ओरडून स्वतःच्या खांद्याला चावा घेतला आणि तो पळाला. मी आणि माझे वाटाडे, दोघांनी दोन दिवस गुडघ्यांवर रांगत माग काढला. दर दहा-पंधरा पावलांवर एखादा थेंब, पुढे सीडरच्या दलदलीत तोही नाही. तो सापडला नाही. वाटाड्याने मला एक शब्दही ऐकवला नाही, आणि ते मला जास्त लागले. पुढच्या वर्षी मी शिकारीला गेलो नाही. मेनमध्ये वाटाड्यांना १८९७ पासून सरकारी परवाना घ्यावा लागतो आणि त्या पहिल्या परवान्याची मानकरी कॉर्नेलिया क्रॉस्बी ही स्त्री होती. आपण पहिल्या वर्षी अशा परवानाधारक, अनुभवी वाटाड्याबरोबरच जावे, कारण जखमी अस्वलाचा माग काढण्याचे ज्ञान वाचून येत नाही.

बार टाकल्यावर अस्वल कुठे शेवटचे दिसले ते झाड डोळ्यांत पक्के धरावे, घड्याळ पाहावे आणि कान द्यावेत. दोन्ही फुप्फुसे गेलेले अस्वल तीस ते शंभर यार्ड धावते, आणि पुष्कळदा मरताना एक लांब, खोल कण्हण्याचा आवाज करते. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रडू आले होते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आवाज आला नाही तर निदान अर्धा तास मचाणावरून उतरू नये. शंका असेल तर एकट्याने रात्री जाऊ नये. वन्यजीव खात्याच्या वॉर्डनला फोन करून अंधारात माग काढताना शस्त्राबाबत काय नियम आहे ते विचारावे, आणि पट्ट्यावर धरून जखमी जनावराचा माग काढणारे परवानाधारक कुत्रा-पालक असतात त्यांचा क्रमांक आधीच जवळ ठेवावा.

अस्वल मिळाले की काम सुरू होते. सप्टेंबरची ऊब, जाड चरबी आणि केस यांमुळे मांस काही तासांत बिघडते, तेव्हा त्याच रात्री पोट साफ करून, कातडे सोलून बर्फात घालावे. मारलेल्या अस्वलाच्या नोंदणीच्या वेळी त्याचा दात द्यावा लागतो. झाडाच्या वर्तुळांप्रमाणे त्याच्या थरांवरून वय कळते आणि वन्यजीव खात्याला अस्वलांच्या संख्येचा अंदाज बांधता येतो. हा दात आठवणीने आणि नीट द्यावा. पित्ताशय विकण्याचा विचारही करू नये.

मांसासंबंधी एक इशारा. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो, आणि उत्तरेकडची त्याची एक जात गोठवूनही मरत नाही. २०२२ साली एका कौटुंबिक मेळाव्यात, पंचेचाळीस दिवस गोठवलेल्या अस्वलाच्या मांसाचे अर्धकच्चे कबाब खाऊन सहा जण आजारी पडले. त्यांतल्या दोघांनी तर मांस खाल्लेच नव्हते, फक्त त्याच्याबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. म्हणून कबाब आणि तंदूर विसरावे. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचलेच पाहिजे. आमच्या घरी चरबी काढून, रात्रभर दही-आले-लसूण लावून, कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात प्रेशर कुकरला सात-आठ शिट्ट्या देतात. ब्लूबेरीवर पोसलेल्या अस्वलाचा रस्सा मटणाच्या तोडीचा होतो. माझ्या आईने सांगलीहून पहिल्यांदा फोनवर विचारले होते, "मारून काय करतोस रे त्याचं?" तेव्हा मी हेच सांगितले, आणि दरवर्षी अस्वलाचे सगळे मांस पाच-सहा घरांत वाटून संपते हेही.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे हे करावे का याचे, उत्तर मी आपल्या वतीने देऊ शकत नाही. मी मात्र करतो, कारण वीस यार्डांवर बसल्याने मी त्या जनावराकडे जितका वेळ पाहतो तितका रायफल हातात असताना कधी पाहिले नव्हते, आणि दहा संध्याकाळींपैकी नऊ मी बार न टाकता उतरतो. यंदा आपण मचाणावर रायफल घेऊन बसावे. रिव्हॉल्व्हर घरी ठेवून परीक्षेचे दहा दिवस पूर्ण करावेत, प्रत्येक थाळीवर तारीख आणि अंतर लिहावे, आणि चुकलेली थाळी फेकून देऊ नये. पुढच्या जुलैपर्यंत वीस यार्डांवरच्या पन्नासच्या पन्नास गोळ्या थाळीत असतील, तर त्या ऑगस्टमध्ये माझ्या शेजारच्या मचाणावर आपल्याला जागा आहे.